जांभळ्या खणातले सात हजार

सापडलेले पैसे ठेवावेत की परत करावेत, या विषयावर मी एकतीस वर्षं पगार घेतला. जिल्हा परिषदेच्या शाळेत मूल्यशिक्षणाचा तास माझ्याकडे असायचा आणि रस्त्यात पाकीट सापडलेल्या मुलाची गोष्ट त्यात दरवर्षी यायची. मुलगा पाकीट परत करतो, मालक त्याच्या पाठीवरून हात फिरवतो, वर्ग टाळ्या वाजवतो, संपलं. एका वर्षी तिसरीतल्या एका मुलीने उभं राहून विचारलं, "मॅडम, पाकिटात किती होते?" मी म्हटलं, किती होते याला महत्त्व नसतं. ती खाली बसली, पण तिला ते पटलं नव्हतं. आता पेन्शन सुरू झाल्यावर सांगायला हरकत नाही, मलाही पटलं नव्हतं.

मला सापडले ते सात हजार होते. आणि तेही रस्त्यात नाही. अमरावतीच्या माझ्या राहत्या घरात, माझ्याच कपाटात, ओटीच्या खणात.

ओटीचा खण शिवायचा नसतो, फिरवायचा असतो. हे आमच्याकडे प्रत्येक बाईला ठाऊक आहे आणि एकही बाई ते तोंडाने बोलत नाही. ऐंशी सेंटिमीटर कापड, आमच्या वयाच्या बाईच्या त्यात बाह्यासुद्धा बसायच्या नाहीत. रंग असा की कोणत्याच साडीवर जाऊ नये म्हणून मुद्दाम शोधल्यासारखा. आत ताठ राहायला पुठ्ठा, बाहेर प्लॅस्टिकची पिशवी. घरी आलेल्या सवाष्णीच्या पदरात नारळ, गहू आणि हा खण घालायचा. तिने तो डोळ्यांना लावायचा, घरी नेऊन ठेवायचा आणि पुढच्या सवाष्णीच्या पदरात घालायचा. नियम दोनच. पिशवी उघडायची नाही, आणि ज्या घरून आला त्या घरी परत जाऊ द्यायचा नाही. एक मोरपंखी खण मी बडनेऱ्याला दिला होता, तो सहा वर्षांनी तीन गावं फिरून माझ्याकडे आला. कोपऱ्यातल्या तेलाच्या डागावरून मी त्याला ओळखलं आणि खरं सांगते, बरं वाटलं.

दुसरा नियम मोडू नये म्हणून मी प्रत्येक पिशवीला टाचणीने चिठ्ठी लावते: कुठून, कोणाकडून, कशानिमित्त. आमच्या घरचे वीज मंडळातून निवृत्त झालेत. ते या चिठ्ठ्यांना हसतात. पण माझ्या हातून एकही खण आजवर देणारीच्याच पदरात गेलेला नाही.

पहिला नियम मी या एप्रिलमध्ये मोडला. ऊन असं होतं की माठातलं पाणी गार होईना. माठाला गुंडाळायला एखादं सुती कापड हवं होतं, म्हणून खणांच्या गठ्ठ्यातून सगळ्यात कुरूप निघाला तो घेतला. जांभळा, काठाला खोटी जर. पिशवी फाडली, घडी उलगडली, पुठ्ठा काढला, तर पुठ्ठ्याच्या पाठीला चिकटपट्टीने पाचशेच्या नोटा चिकटवलेल्या. चौदा.

मनात पहिला विचार काय आला ते लिहिते, कारण ते लपवलं तर पुढचं सगळं खोटं ठरेल. पहिला विचार आला, दार लोटलेलं आहे ना. दुसरा आला, मिक्सर. आमच्या मिक्सरचं झाकण वर्षभरापासून हाताने दाबून धरावं लागतं. पाकीटवाल्या मुलाची आठवण तिसऱ्या की चौथ्या नंबरला झाली.

आमच्या घरचे म्हणाले, "ज्याच्या घरात मीटर, बिल त्याच्याच नावानं. आपल्या घरात सापडले, आपले झाले."

मी चिठ्ठी पाहिली. माझ्याच अक्षरात लिहिलं होतं: अकोला, ताई, डोहाळजेवण.

ताई म्हणजे माझी मोठी नणंद. माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठी, अकोल्यात दिलेली. पस्तीस वर्षांत त्यांनी मला जे जे दिलं, त्याचं दुकान आणि भाव सांगितल्याशिवाय दिलं नाही. हा खण त्यांनी मागच्या वर्षी लेकीच्या डोहाळजेवणात माझ्या पदरात घातला होता. माझी भाची तेव्हा फुलांचे दागिने घालून बाहेर झोपाळ्यावर बसली होती, फोटो चालले होते. ताई मला देवघरात घेऊन गेल्या आणि म्हणाल्या, "खास तुह्यासाठी आनला. गांधी रोडवर चार दुकानं फिरली, तवा भेटला हा रंग."

तर आता गंमत पाहा. खण खास माझ्यासाठी आणला असेल, तर पैसे ताईंचे. पैसे ताईंचे नसतील, तर खण खास नव्हता, तो कुठून तरी फिरत आला होता. दोन्हीपैकी एक त्यांना कबूल करावं लागणार होतं. मी फोन लावला तो पैसे परत करायला लावला असं मी शेजारणीला सांगितलं. खरं तर मला ताईंना पस्तीस वर्षांत एकदा तरी पकडायचं होतं. तिकडे अकोल्यात ताई रोज लेकीच्या एका धड फोनची वाट पाहत होत्या आणि या दोन गोष्टी एकमेकींना चिकटलेल्या असतील असं माझ्या स्वप्नातही नव्हतं.

मी म्हटलं, "ताई, तुमी डोहाळजेवनात खन देल्ला होता ना, त्यात पैसे निंगाले."

पलीकडे कूलर बंद केल्याचा आवाज आला. मग ताई म्हणाल्या, "हो मंग! मीच ठेवले होते. तुले हातात देल्ले असते तं तू घेतले नसते."

मला हे सुचलंच नव्हतं. बाई निसटली, आणि वर दानशूर झाली.

"किती ठेवले होते ताई?"

"आता मोजून देते का वं कोनी भावजयीले? पाचशे असतीन."

"पाचशेच?"

"मंग काय पाच हजार देऊ तुले?"

फोन ठेवल्यावर आमच्या घरच्यांना मी हे सांगितलं तर ते इतके हसले की त्यांना ठसका लागला. त्यांच्या बहिणीने पाचशे दिले होते, ते एका वर्षात चौदा पट झाले, कोणती बँक देते एवढं व्याज, असं ते दोन दिवस म्हणत होते. मी नोटा साबुदाण्याच्या डब्यात ठेवल्या. तीन आठवडे ठेवल्या. रोज एकदा झाकण उघडून पाहत होते. त्या तीन आठवड्यांत दोन वेळा मी मिक्सरच्या दुकानात जाऊन भाव विचारून आले, आणि दोन्ही वेळा दुकानदाराला म्हटलं, सहज विचारते आहे.

मला डब्यापासून सोडवलं ते मूल्यशिक्षणाने नाही. माझ्या जावेचा फोन आला. "ताईनं तुले खनात पैसे घालून देल्ले म्हनं? मले तं कधी देल्ले नाही बाप्पा." म्हणजे ताईंनी ही गोष्ट नातेवाइकांत सांगायला घेतली होती. आणखी दोघींचे फोन आले. मी साठीला टेकलेली पेन्शनर बाई, आणि सगळ्या गोतावळ्यात माझी ओळख काय, तर नणंदेने गुपचूप पाचशे रुपये देऊन जिची अडचण भागवली ती. माझं डोकं फिरलं. प्रामाणिकपणाने माणूस किती लांब जातो मला माहीत नाही, रागाने मात्र अकोल्यापर्यंत सहज जातो. एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे, त्यामुळे तो राग स्वस्तातही पडला.

ताई एकट्याच होत्या. मी पाणीसुद्धा प्याले नाही. स्वयंपाकघरातल्या फरशीवर तो जांभळा खण पसरला आणि त्यावर चौदाही नोटा एकेक करून मांडल्या.

"हे तुमचे पाचशे, ताई," मी म्हटलं.

ताईंचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता, आणि मी तो पाहून घेतला. त्यांनी नोटा मोजल्या, खणाचा काठ उचलून पाहिला. मग खाली बसल्या.

"माहे नाहीत," त्या म्हणाल्या. "खन ईनबाईनं देल्ला होता. तिवश्याच्या. मी पोरीले बायतपनाले आनाले गेली होती, तवा माह्या ओटीत घातला. घरी आली अन् चार दिवसांनी तुह्या ओटीत घातला."

म्हणजे भाचीच्या सासूने दिलेला खण. मी म्हटलं, "मंग ईनबाईले फोन करा अन् सांगा."

"याड लागलं का वं तुले? काय सांगू? तुमी प्रेमानं देल्लेला खन मी चार दिवस घरात ठेवला नाही म्हनून सांगू? माह्या पोरीले तिथं नांदाचं हाये!"

हे मात्र खरं होतं. विहिणीच्या खणाचा मान वेगळा. तो फिरवला हे विहिणीला कळणं म्हणजे लेकीला वर्षभराचे टोमणे. मी फरशीवरच्या नोटा गोळा करायला लागले. आणि ताई, ज्यांना मी लग्नाकार्यातसुद्धा कधी रडताना पाहिलं नव्हतं, त्या पदर तोंडाला लावून रडायला लागल्या.

"तसंही ती कुठं बोलून राहिली माह्याशी," त्या म्हणाल्या. "तीन महिने बायतपन केलं मी तिचं. शेक, मालिश, डिंकाचे लाडू. सात घास खाऊन ताट सरकवे. इचारलं, काहून वं, तं काही नाही. जाताना पाया पडली अन् मान वर केली नाही पोट्टीनं. आता फोन केला तं हो, नाही, ठेवते. मी काय केलं तिचं?"

मी भांडायला आले होते. भांडणाची सगळी तयारी तशीच राहिली आणि मी उठून चहा टाकला. ताईंच्या घरात मी चहा टाकण्याची ती पहिलीच वेळ असेल, साखर सापडेना.

चहा घेता घेता त्यांनी आणखी एक सांगितलं, विहिणीचा राग म्हणून सांगितलं. "सासूनं तं असं वश केलं पोरीले! इथं आली अन् आठच दिवसांत मले इचारते, आई, सासूबाईनं देल्लेला तो जांभळा खन कुठं हाये? आता देऊन टाकला म्हनून कसं सांगू? सासूले सांगन. म्हनून मी म्हनलं, ठेवला हाये सांभाळून, चांगल्या जाग्यावर. त्याच्यावर काहीच बोल्ली नाही."

निघताना मी विचारलं, पैशांचं काय करायचं. ताई म्हणाल्या, "देवाच्या पेटीत टाकून दे." पायरीपर्यंत आल्या आणि हळूच म्हणाल्या, "सातच्या सात टाकशीन का?"

परतीच्या गाडीत मूर्तिजापूर येईपर्यंत मी ताईंच्या रडण्याचाच विचार करत होते. बसस्थानकात गाडी थांबली, चिवडा विकणारा खिडकीशी आला, आणि त्याला नको म्हणता म्हणता माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. सात महिन्यांची पोटुशी पोरगी. पाय सुजलेले, झोप नाही. ती आईकडे चिंच मागेल, आंबा मागेल. एका जांभळ्या खणाची चौकशी का करेल? आमच्या सात पिढ्यांत कोणी ओटीच्या खणाची चौकशी केलेली नाही. तिला खण नको होता. त्या खणात काय आहे हे तिला ठाऊक होतं.

आणि आई म्हणाली होती, ठेवला हाये सांभाळून, चांगल्या जाग्यावर.

तीन आठवडे माझ्या साबुदाण्यात ज्या नोटा होत्या, त्यांच्यापायी तिकडे एक लेक आपल्या आईला काय समजत होती, ते मला त्या खिडकीत बसल्या बसल्या कळलं. मिक्सरच्या दुकानाची मला इतकी लाज वाटली की चिवडेवाला गेल्यावरही मी मान खालीच ठेवली.

पुढच्या आठवड्यात मी तिवशाला गेले. निमित्त बाळ पाहण्याचं. नोटा पुन्हा पुठ्ठ्याला चिकटवल्या, खणाची पहिल्यासारखी घडी घातली आणि नव्या पिशवीत भरला.

विहीणबाई फार अगत्याच्या निघाल्या. इतक्या, की त्यांनी मला भाचीजवळ एक क्षण एकटं सोडलं नाही. पोहे झाले, सरबत झालं, बाळाचे सगळे कपडे पाहून झाले. बाई शेजारीच बसलेल्या. शेवटी गॅसवर दूध ठेवलं होतं त्याची त्यांना आठवण झाली आणि त्या आत धावल्या. मी पर्समधून पिशवी अर्धी बाहेर काढून भाचीला दाखवली.

तिच्या चेहऱ्यावरचा रंगच उडाला. "मामी, हा तुमच्यापाशी कसा?"

"तुह्या आईनं देल्ला. डोहाळजेवनाच्या दिवशी, माह्या ओटीत."

"त्याच दिवशी?" बाळ तिच्या मांडीवर होतं, त्याला तिने उगाच थोपटायला सुरुवात केली. "मंग आईनं उघडून पायलाच नाही?"

"तुह्या आईनं जल्मात एक खन उघडला नाही. सगळे हायेत आतमधी, चौदा."

मग ती भराभरा बोलली, आतल्या भांड्यांच्या आवाजाकडे कान ठेवून. लग्नाआधी अकोल्यात शिकवण्या घ्यायची, त्यातले हे पैसे. ना आईला माहीत, ना सासरी. पिको-फॉलचं जुनं मशीन घ्यायचं होतं तिला. सासरी एकदा विचारलं तर, काय कमी आहे तुला, असं उत्तर आलं, म्हणून पैसे खणात लपवले. खण कोण उघडतं? पण आई न्यायला येणार म्हटल्यावर सासूने बरासा खण हवा म्हणून सुनेचं कपाट उघडलं. "माह्या डोयापुढे ताटात आला, मामी. नारळाखाली. मी काय बोलू? मंग म्हनलं, जाऊ दे, माह्या आईच्याच तं घरी चालले. अकोल्याले गेल्यावर इचारलं, तं ती म्हने, चांगल्या जाग्यावर ठेवला." तिचे डोळे भरून वाहायला लागले. "मी तिले चोर समजली वं मामी. तिच्या हातचा लाडू घशाखाली उतरे ना माह्या. तिले सांगू नका. मी असं समजत होती हे तिले कधीच सांगू नका."

दूध उतरवून विहीणबाई परत आल्या. भाचीने बाळाच्या दुपट्याला डोळे पुसले.

आता पैसे हातात कसे द्यायचे? मला एकच रस्ता माहीत होता. मी उठले, कुंकू मागितलं आणि विहीणबाईंच्या देखत भाचीची ओटी भरली. नारळ मी नेला होता, गहू त्यांनीच दिले. जांभळा खण पदरात पडताना विहीणबाई पुढे वाकल्या.

"असाच एक आमच्याकडं होता," त्या म्हणाल्या.

"असन ना. अमरावतीत सध्या हाच रंग चालून राहिला," मी म्हटलं. "खास हिच्यासाठी आनला. चार दुकानं फिरली." ताईंचं वाक्य माझ्या तोंडातून इतकं सफाईने आलं की माझं मलाच नवल वाटलं. प्रामाणिकपणाची गोष्ट शाळेत मी एकही खोटं न बोलता शिकवली. प्रत्यक्षात ती तडीस न्यायला त्या दुपारी पाच-सहा तरी लागली.

"ठेव वं सूनबाई पेटीत," विहीणबाई म्हणाल्या. "कामी येईन कोनाले द्याले."

भाचीने पदर घट्ट आवळला. "नाही आई. हा मी शिवते."

"शिवते? ओटीचा खन?"

"हो. मले आवडला."

विहीणबाईंनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, जणू माझ्या भाचीचं काहीतरी बिनसलंय आणि त्याला माहेर जबाबदार आहे. पण अगत्य सोडलं नाही. निघताना माझी ओटी भरली. पोपटी खण. "खास तुमच्यासाठी," त्या म्हणाल्या. पिशवीच्या कोपऱ्यात माझ्या टाचणीची दोन भोकं होती. हा मीच कधीतरी ताईंना दिला होता. मी तो डोळ्यांना लावला.

चार दिवसांनी ताईंचा फोन. आवाज ओळखू येईना. "पोरीचा फोन आला होता! पाऊन घंटा बोल्ली. डिंकाच्या लाडवाचं इचारे, कसे करतेस म्हने. मी म्हनलं, अवो, खाल्ले तं नाही तू, तं म्हने, आता खाईन, पाठवून दे." त्या रडत होत्या की हसत होत्या ते कळत नव्हतं. मग नाक पुसून म्हणाल्या, "त्या पैशाचं काय केलं?"

"टाकले देवाच्या पेटीत."

"सगळे?"

"सगळे."

"बरं केलं," ताई म्हणाल्या, पण त्यांना ते फारसं बरं वाटलं नव्हतं.

बाळाचं जावळ काढायचा कार्यक्रम अकोल्यात झाला, मामाच्या मांडीवर बसवून. तिवशाची मंडळी आली होती. कार्यक्रम आटोपल्यावर आम्ही बायका आतल्या खोलीत बसलो आणि ताईंनी आपली आवडती गोष्ट काढली. फरशीवर मांडलेल्या चौदा नोटा पाहूनही ती त्यांनी सोडली नव्हती. गोतावळ्यात एकदा पसरलेली गोष्ट मागे घेता येत नाही, हे त्यांचंही बरोबरच होतं. "हिले म्या खनात पैसे घालून देल्ले होते. इचारा हिले."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. "हो," मी म्हटलं. "ताईंनीच देल्ले होते."

त्यावर विहीणबाई मागे कशा राहतील? "या मामीबी काही कमी नाहीत बरं," त्या म्हणाल्या. "माह्या सुनेले मशीन घ्याले पैसे देल्ले. पिको-फॉलचं. तिवश्यातल्या बाया रांग लावतात आता." भाचीने सासूला पैशांचा उगम म्हणून माझं नाव सांगितलं होतं, ते मला माहीत होतं, पण ते असं भर बैठकीत निघेल याची मी तयारी केली नव्हती.

ताई माझ्याकडे पाहायला लागल्या. मला त्या पस्तीस वर्षं ओळखतात. मी कोणाला मशीन घेऊन देणारी बाई नाही हे त्यांच्याइतकं कोणालाच ठाऊक नाही. मग त्यांची नजर लेकीकडे गेली. भाची भिंतीला टेकून बाळाला घेऊन बसली होती आणि तिच्या अंगात जांभळा ब्लाउज होता, काठाला खोटी जर. कापड जेमतेम पुरलं होतं, बाह्या आखूड झाल्या होत्या. तो खण ताईंनी आपल्या स्वयंपाकघराच्या फरशीवर पसरलेला पाहिला होता, वर चौदा नोटा होत्या. त्यांनी तो ओळखला. लेकीने बाळंतपणात ताट का सरकवलं, खण कुठे आहे असं का विचारलं, आणि आपण काय उत्तर दिलं होतं, ते सगळं एकेक करून त्यांच्या तोंडावर येताना मला दिसलं. मला वाटलं, आता त्या बोलणार, विहीणबाईंच्या समोरच बोलणार. मी त्यांना पकडायला निघाले होते ना? पकडलं होतं. मला तिकडे पाहवेना.

भाचीनेही आईकडे पाहिलं आणि तिची मान खाली गेली.

ताई उठल्या, लेकीशेजारी जाऊन बसल्या आणि तिच्या आखूड बाहीवरून हात फिरवला.

"चांगला हाय वं कपडा," त्या म्हणाल्या. आवाज जरा फाटला होता. "कुठून आनला?"

"मामीनं देल्ला," भाची खालच्या मानेनेच म्हणाली.

"हां?" ताई माझ्याकडे वळल्या. डोळ्यांत पाणी होतं, आणि लेकीच्या दंडावरचा हात त्यांनी काढला नव्हता. "मले तं कधी असा देल्ला नाही तू."

"आनीन ना ताई," मी म्हटलं. "खास तुमच्यासाठी."